गाठ कोणत्या गावची? लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आणि रिपोर्टमधल्या त्या दोन ओळी

मे महिन्यातली दुपार. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, हिंगणघाटच्या एसटीतून उतरून थेट आमच्या लॅबच्या दारात आले. मी नागपुरात हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. मोठ्या बाबांनी दुपट्ट्याची गाठ सोडली, आत अजून एक ओला रुमाल, त्याच्या आत प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत काड्यापेटीएवढी प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात पांढरं मेण.

"त्यायनं सांगतलं, ब्लॉक घेऊन जा. मले वाटलं मोठा ठोकळा असन. हे तं मेणबत्तीचा तुकडा निंघाला."

मेण म्हणजे पॅराफिन. ते साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. बाहेर ४५ अंश असताना एसटीच्या खिडकीपाशी पत्र्याच्या डब्यात हा ब्लॉक ठेवला असता, तर नागपूर येईपर्यंत मऊ पडला असता. ओला रुमाल गुंडाळायची अक्कल कुणी दिली, असं विचारलं तर म्हणाले, "पानं नाही का ठेवत?" पानवाल्याची युक्ती. मला तरी त्याहून चांगली सुचली नसती.

ब्लॉकसोबत एक कागद होता. त्यावर बरंच काही होतं, पण मोठ्या बाबांनी बोट ठेवलं ते दोन ओळींवर. गाटा-३ पॉझिटिव्ह. सीके ५/६ निगेटिव्ह. करोनापासून गावातल्या प्रत्येकाला पॉझिटिव्ह या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "एक पाजिटिव निंघालं म्हन्ते. वाईट हाय नं?"

वाईट नाही आणि चांगलंही नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचा निकाल आहे. तो प्रश्न कोणता, हे त्यांना चहा पिता पिता सांगायला मला तासभर लागला. तेच इथे जरा नीट लावून लिहितोय.

आधी गोष्ट कुठून सुरू झाली ते. मागच्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांना लघवीतून लाल गेलं. दुखलं नाही, जळजळ नाही. घरातल्या सगळ्यांनी एका सुरात निकाल दिला, उन्हाळी लागली. धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला, आणि चार दिवसांनी लघवी स्वच्छ झाली. म्हणजे औषध लागू पडलं! खरं तर या कॅन्सरची खोडच ही आहे. रक्त न दुखता येतं, आपोआप थांबतं आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येतं. उन्हाळीत जळजळ होते, थेंबथेंब होते. न दुखता लाल जाणं हे बिडी ओढणाऱ्या साठीच्या माणसाला एकदा जरी झालं, तरी सोनोग्राफी आणि दुर्बीण करून घ्यायलाच हवी. हे मी लॅबमध्ये बसून बोलतो, आणि माझ्याच घरात सब्जा भिजत होता.

बिडीचा इथे काय संबंध, असं बऱ्याच जणांना वाटतं. धूर जातो फुप्फुसात. पण धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं रक्तात उतरतात, मूत्रपिंड ती गाळून काढतं आणि मग ती लघवीच्या पिशवीत तासन्‌तास अस्तराला लागून पडून राहतात. या कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांच्या मागे तंबाखूचा धूर असतो. पुरुषांत तो बायकांपेक्षा तीन-चार पट जास्त दिसतो, त्याचं एक मोठं कारण हेच. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार होतो, हे जर्मनीच्या लुडविग रेन या सर्जननं १८९५ मध्येच दाखवलं होतं. तिथेही दोष याच जातीच्या रसायनांचा होता.

आता पिशवीची रचना बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पिशवीच्या आतल्या बाजूला पेशींचं अस्तर असतं. त्याखाली सैल जाळीदार थर आणि त्याखाली जाड स्नायू. गाठ अस्तरात किंवा जाळीदार थरातच असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढता येते, आणि बऱ्याच रुग्णांना नंतर पिशवीत बीसीजी सोडतात. हो, लहानपणी दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, फक्त इथे नळीनं पिशवीत. गाठ स्नायूत शिरली असेल तर प्रकरण एकदम जड होतं. मग बहुधा आधी केमो आणि नंतर पूर्ण पिशवी काढणं, किंवा काही रुग्णांत केमोसोबत रेडिएशन. पहिल्यांदा निदान होतं तेव्हा चारातल्या साधारण तिघांची गाठ स्नायूच्या अलीकडे असते, एकाची स्नायूत. मोठे बाबा त्या एकात होते. तेही दुसऱ्यांदा खरवडल्यावर कळलं. पहिल्या वेळी एका दवाखान्यातून आलेल्या तुकड्यात स्नायूच नव्हता. स्नायूच नसेल तर गाठ त्यात शिरली की नाही, हे सांगणार कसं? रिपोर्टमध्ये "स्नायू दिसत नाही" असं वाक्य असेल, तर ते शाईनं अधोरेखित करून डॉक्टरांपुढे ठेवा. आमचा सहा आठवड्यांचा खोळंबा त्या एका वाक्यानं झाला.

म्हणजे स्टेज सांगते, गाठ किती खोल गेली. ग्रेड सांगते, पेशी किती बिघडलेल्या दिसतात. गाटा आणि सीके मात्र स्टेज किंवा ग्रेड, कशाबद्दलच काही सांगत नाहीत. ते सांगतात, ही गाठ कोणाच्या वळणावर गेली आहे.

पिशवीचं अस्तर एकसारखं नसतं. सगळ्यात खाली, पायाशी, लहान पेशी असतात, त्यांना बेसल पेशी म्हणतात. वर मधल्या पेशी. आणि अगदी वर, लघवीला लागून, मोठ्या पसरट पेशी. एक पेशी खालच्या अनेकींवर छत्रीसारखी पसरलेली, म्हणून छत्री पेशी. पिशवी रिकामी असते तेव्हा हे अस्तर पाच-सात थरांचं दिसतं, भरली की ताणून दोन-तीन थरांचं. खालच्या पेशी वेगळी प्रथिनं बनवतात, वरच्या वेगळी. पायाच्या पेशींना घट्ट धरून राहायचं असतं, म्हणून त्या केराटिन ५ आणि केराटिन १४ असले मजबूत दोर वळतात. आपल्या कातडीच्या तळातही हेच दोर असतात. वरच्या पेशींना लघवी आत झिरपू द्यायची नसते, म्हणून त्या युरोप्लाकिन नावाची प्रथिनं बनवून पृष्ठभाग लिंपून घेतात. त्यांच्यात केराटिन २० सापडतं. आणि पेशीला अस्तराच्या वळणावर ठेवणारी जी हुकूम देणारी प्रथिनं आहेत, त्यातलं एक म्हणजे गाटा-३.

मोठ्या बाबांना मी हे बोलीवरून सांगितलं. आपल्याकडचा माणूस पुण्याला जाऊन दहा वर्षं राहिला, कपडे बदलले, चाल बदलली, तरी "काहून" म्हणाला की आपण ओळखतो, हा आपल्याकडचा. भंडारा-गोंदियाकडचा असेल तर झाडीबोलीचा एखादा शब्द निसटतोच. कॅन्सरची पेशी अशीच. ती बिघडलेली, वेडीवाकडी, वाट्टेल तशी वाढणारी असते, पण आपली प्रथिनं बनवणं पूर्ण सोडत नाही. काही गाठी वरच्या थराची बोली बोलतात. त्यांना ल्युमिनल म्हणतात. काही तळाची बोली बोलतात, त्या बेसल. यावर मोठे बाबा म्हणाले, "पन बोलीवरून जन्म कुठचा हे पक्कं नाही समजत. मामाच्या गावी वाढलेलं पोरगं मामासारखंच बोलते." अगदी बरोबर. ल्युमिनल गाठ वरच्या पेशीतूनच जन्मली, असं या प्रथिनांवरून सिद्ध होत नाही. ती त्या वळणाची झाली आहे, इतकंच.

हे शब्द मूळचे पिशवीचे नाहीतच, ते स्तनाच्या कॅन्सरमधून आले. अमेरिकेतल्या चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये स्तनाच्या गाठींतली हजारो जनुकं एकदम मोजली, तेव्हा वरवर सारख्या दिसणाऱ्या गाठी ल्युमिनल, बेसल अशा वेगवेगळ्या घराण्यांत विभागल्या गेल्या. पिशवीच्या गाठींवर तोच प्रयोग पुढच्या दशकात झाला. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास या प्रकल्पात २०१४ मध्ये स्नायूत शिरलेल्या १३१ आणि २०१७ मध्ये ४१२ गाठी तपासल्या. स्वीडनमधल्या लुंडच्या गटानं आपली वेगळी वर्गवारी मांडली. काही काळ तर प्रत्येक गटाची स्वतःची नावं होती, आणि एकाच गाठीला तीन ठिकाणी तीन जाती मिळायच्या. शेवटी सगळे एकत्र बसले, १,७५० गाठींची माहिती एकत्र केली आणि २०२० मध्ये सहा उपप्रकारांवर एकमत छापलं. त्यात सगळ्यात मोठा गट बेसल-स्क्वेमसचा, ३५ टक्के. ल्युमिनलचे तीन पोटप्रकार मिळून ४७. आधाराच्या तंतुमय ऊतीनं भरलेल्या गाठी १५ टक्के. उरलेले ३ टक्के न्यूरोएंडोक्राइनसारखे, म्हणजे मज्जातंतू आणि संप्रेरकांच्या पेशींच्या वळणाचे, त्यांच्याकडे नंतर येतो.

ही सगळी वर्गवारी आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या पेशीतल्या नकला, वाचून झाली. हजारो जनुकांचं वाचन, महागडी यंत्रं, आकडेमोड करणारी माणसं. वणी किंवा आर्वीच्या रुग्णाला ते कुठून परवडणार? इथे त्या दोन ओळींची किंमत कळते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की गाटा-३ आणि केराटिन ५/६ (रिपोर्टमधलं सीके ५/६ ते हेच) ही दोनच प्रथिनं रंगवून बघितली, तरी गाठ ल्युमिनल की बेसल हे ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर सांगता येतं. गाटा-३ आहे आणि सीके ५/६ नाही, तर ल्युमिनल. उलट असेल तर बेसल. माणूस कुठचा हे ओळखायला त्याचं भाषण ऐकावं लागत नाही, दोन शब्द पुरतात. आणि हे रंगवण्याचं काम आमच्यासारख्या लॅबमध्ये रोज चालतं.

कसं चालतं ते सांगतो, कारण माझं मन इथे रमतं. ब्लॉकमधून आधी काप काढायचा. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर, जाडी ३ ते ५ मायक्रॉन. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप सहज बसतील. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर उचलायचा. आईच्या हातची शेवईही इतकी जपून उचलत नाहीत. मग मेण उतरवायचं. पुढची अडचण अशी की तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवलेला असतो, आणि फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांत असं गुंतवून टाकतं की आपल्याला हवा तो भाग झाकला जातो. तो उघडायला स्लाइड सायट्रेटसारख्या द्रावणात कडक तापवायची. मोठ्या लॅबमध्ये यासाठी यंत्रं आहेत. पण अनेक ठिकाणी आजही स्वयंपाकघरातला साधा प्रेशर कुकर हेच काम करतो, आणि चांगलं करतो. नवीन पोरं हसतात. शिट्टी झाली की गप्प होतात.

त्यानंतर अँटिबॉडी. ही फक्त एकाच प्रथिनाला ओळखून चिकटते, जशी किल्ली आपल्याच कुलपात बसते. गाटा-३ ची अँटिबॉडी टाकली, धुतली, की जिथे गाटा-३ आहे तिथेच ती उरते. पण ती डोळ्याला दिसत नाही. म्हणून तिच्यावर दुसरी अँटिबॉडी चढवतात, जिच्या शेपटीला एक एन्झाइम बांधलेलं असतं. हे एन्झाइम हॉर्सरॅडिश नावाच्या, मुळा-मोहरीच्याच कुळातल्या तिखट मुळापासून मिळवतात. त्यावर डीएबी हे रसायन टाकलं की जिथे एन्झाइम तिथे तपकिरी रंग उमटतो. शेवटी बाकीचा काप निळसर रंगवून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या शेतात तपकिरी ठिपके. गाटा-३ केंद्रकात बसून हुकूम सोडणारं प्रथिन, म्हणून तपकिरी रंग केंद्रकात. सीके ५/६ दोरांचं प्रथिन, म्हणून रंग केंद्रकाभोवती, पेशीच्या अंगात. रंग चुकीच्या जागी आला तर तो मोजायचा नाही. प्रत्येक वेळी सोबत एक काप असा लावायचा ज्यात ते प्रथिन आहे हे आधीच माहीत आहे. तोच रंगला नाही, तर त्या दिवशीच्या "निगेटिव्ह"वर विश्वास ठेवायचा नाही.

तर "पॉझिटिव्ह" म्हणजे एवढंच: हे प्रथिन इथे आहे. निरोगी पिशवीतही गाटा-३ पॉझिटिव्हच येतं. मोठ्या बाबांना हे पटायला वेळ लागला. "म्हन्जे माह्या चांगल्या पिशवीतबी पाजिटिव?" हो, तिथेही.

किती टक्के पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह म्हणायचं, याची रेषा सगळीकडे एक नाही. शिवाय काही गाठी दोन्ही बोली बोलतात, सीमेवरच्या गावासारख्या. एकाच गाठीचा एक कोपरा ल्युमिनल आणि दुसरा बेसल असंही होतं, आणि तुकडा नेमका एकाच कोपऱ्यातून आलेला असतो. बाजारात कापसाच्या गाडीवरून वरचा मूठभर कापूस उचलून भाव लावतात, तेव्हा तळाशी काय आहे हे कोणाला माहीत असतं?

आणि काही गाठी दोन्हींना नाही म्हणतात. त्यांत अधूनमधून ते ३ टक्क्यांवाले निघतात, न्यूरोएंडोक्राइन. मग सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम-१ अशी वेगळी प्रथिनं लावून बघतात. ही ओळख चुकवून चालत नाही. हा प्रकार फार झपाट्यानं पसरतो आणि त्याची केमोही वेगळ्या औषधांची असते, फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरसारखी. पूर्ण लेखात उपप्रकारानं उपचार सरळ बदलतो अशी जागा शोधायची, तर ती ही.

बाकी ठिकाणी? इथे मी सावध बोलतो, कारण इंटरनेटवर फार सुटं बोललं जातं. ढोबळ मानानं ल्युमिनलच्या तीन पोटप्रकारांपैकी ल्युमिनल-पॅपिलरी गाठींचं पुढचं चित्र बरं असतं. बेसल गाठी जास्त आक्रमक असतात आणि बायकांत त्यांचं प्रमाण जास्त आढळतं. पण ही गर्दीची सरासरी आहे. एका माणसाचं किती दिवस, किती वर्षं, हे त्यातून निघत नाही. बेसल गाठींना केमो जास्त लागू पडते, असं काही अभ्यासांत आलं, इतरांत ते तसंच्या तसं टिकलं नाही. त्यामुळे ल्युमिनल आहे म्हणून केमो टाळा किंवा बेसल आहे म्हणून द्याच, असा नियम अजून झालेला नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-२ ही तीन प्रथिनं पाहिल्याशिवाय डॉक्टर औषध लिहीत नाहीत. पिशवीत ती वेळ अजून यायची आहे.

येते आहे मात्र. एफजीएफआर-३ या जनुकातला बिघाड ल्युमिनल-पॅपिलरी गाठींत जास्त सापडतो, आणि त्यावर नेम धरणाऱ्या एर्डाफिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. हा बिघाड मात्र रंगवून कळत नाही, जनुकाची चाचणी लागते. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध नेक्टिन-४ हे प्रथिन पेशीच्या अंगावर शोधून तिथेच विष सोडतं. पसरलेल्या आजारात ते पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधासोबत देण्याला २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यासाठी नेक्टिन-४ आधी तपासावंच लागतं असं नाही. हर-२ जोरात रंगलेल्या, म्हणजे ३+ आलेल्या गाठींसाठीही औषध आलं आहे. किंमती ऐकल्या तर सोयाबीनचा भाव विसरायला होतो, पण ते दुखणं वेगळं.

मोठ्या बाबांचं काय ठरलं? जे ठरलं ते स्टेजवरून आणि मूत्रपिंडाच्या ताकदीवरून. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मूत्रपिंडाला जड जातं, त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतं ते सांगणारी रक्ततपासणी, नीट होतं म्हणून आधी केमो आणि मग ऑपरेशन. गाटा-३ ची ओळ त्या निर्णयात कुठेच नव्हती. मग ती रंगवली कशाला, असा त्यांचा रास्त प्रश्न. एक कारण जुनं आहे. पिशवीच्या तोंडाशी आलेली गाठ पिशवीची की प्रोस्टेटची, हे कधीकधी नुसतं बघून कळत नाही. गाटा-३ पिशवीकडे बोट दाखवतं, पीएसए प्रोस्टेटकडे. त्यांच्या वयात ही शंका काढून टाकणं गरजेचं होतं. उपप्रकार त्याच रंगात सोबत कळला, म्हणून डॉक्टरांनी लिहिला.

या सगळ्या साखळीत सर्वांत कच्ची कडी सुरुवातीला असते, आणि ती आपल्या भागात जास्त तुटते. काढलेला तुकडा लगेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात. आमच्याकडे सलाइनमध्ये आलेले तुकडे येतात, स्पिरिटमध्ये आलेले येतात, इंजेक्शनच्या बाटलीच्या तोंडातून कोंबलेलेही येतात. शनिवारी काढला, सोमवारी पोचला, मधे मे महिना. असा तुकडा आतून सडलेला असतो आणि त्यावर कुठलीच अँटिबॉडी नीट बसत नाही. मग रिपोर्टमध्ये निगेटिव्ह येतं, आणि ते निगेटिव्ह गाठीचं असतं की उन्हाचं, हे सांगता येत नाही. दुर्बिणीतून विजेच्या तारेनं खरवडताना तुकड्याच्या कडा करपतात, त्या भागाचंही तेच. तुकडा घेऊन जायला नातेवाईकाच्या हातात बाटली दिली, तर आत काय भरलंय हे विचारायला लाजू नये.

एकदा नीट बसवलेला ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं टिकतो. उद्या नवीन चाचणी निघाली, तर याच मेणातून नवा काप निघतो, माणसाला परत टेबलावर झोपवावं लागत नाही. म्हणून मोठ्या बाबांचा ब्लॉक आमचं काम झाल्यावर मी नंबर ताडून, सही घेऊन परत दिला. त्यांनी तो पुन्हा ओल्या रुमालात बांधला.

"आता हा कुठं ठेवू? देव्हाऱ्यात?"

मोठी आई मागून म्हणाली, "माठाच्या बाजूले ठेवा. तिथं गार असते."